आमची हवा दख्खनची

मी घाटाखालचा. आमच्याकडे हिवाळा म्हणजे म्हातारी माणसं पहाटे अंगावर दुसरं धोतर घेतात आणि ऊन अंगणात आलं की काढून ठेवतात. त्यामुळे निपाणीतल्या माझ्या पहिल्या मार्गशीर्षात मी सकाळी घागरीत हात घातला आणि इंगळी चावली म्हणून ओरडलो. शेजारची चार माणसं धावत आली. त्यांनी घागर पालथी केली, आत काठी फिरवली, पाणी वाहून जाताना नीट बघितलं. पाणीच होतं. पुढं कितीतरी दिवस मला रस्त्यात लोक विचारायचे, "काय रं कोकण्या, आज इंगळी चावली का न्हाय?"

शाळा मी तिसरीतच सोडली. त्याला कारण मोठं नव्हतं. वडील गेले, धाकटी भावंडं होती, आणि शाळा खाडीच्या पलीकडे होती. अक्षर मात्र बरं होतं. चोविसाव्या वर्षी गावच्या एका माणसाच्या ओळखीनं घाट चढून वर आलो आणि तंबाखूच्या वखारीत पोत्यांवर काळ्या शाईनं खुणा घालायच्या कामाला लागलो. मला कामावर ठेवलं याचंच मला नवल वाटायचं. रोज सकाळी वखारीच्या दारात पाय ठेवताना वाटायचं, आज काढून टाकतील. संध्याकाळी काढलेलं नसायचं, म्हणून मी मनातल्या मनात मालकांचे आभार मानायचो. मालकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना माझं नावही बरेच दिवस ठाऊक नव्हतं.

राहायला मी आक्कांकडे होतो. आक्का म्हणजे गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला राहणारी पन्नाशीची विधवा बाई. पहिल्याच थंडीत मला हिवताप आला आणि धर्मशाळेच्या ओट्यावर मी कुडकुडत पडलो होतो, तेव्हा तिनं येता जाता तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "हितं मेलास तर तुझ्या आयला कळवायचं कुनी? ऊठ." तिच्या घराला लागून एक सोपा होता, त्यात आधी म्हैस असायची. म्हैस गेली होती. तिथं मी आलो. तेव्हापासून भाकरी तिच्याच चुलीवरची. मी काही बोलून दाखवणारा माणूस नव्हे, पण तिनं सांगितलेलं कुठलंही काम मी दोनदा करायचो. एकदा तिनं अंगण झाडायला सांगितलं तेव्हा मी शेजाऱ्याचंही झाडलं. शेजारी त्यामुळे बरेच दिवस संशयानं बघत होता.

आक्कांचं ओढ्याकडेला तीस गुंठे रान होतं. त्यात ती तंबाखू लावायची, आणि त्या तंबाखूवर तिचं वर्ष निघायचं. दुसरं काही नव्हतं.

तंबाखूचं असं असतं, की पीक तयार झाल्यावर तिला पावसाचा एक थेंब चालत नाही. संक्रांतीच्या आगेमागे पानावर तांबूस ठिपके यायला लागले की झाडं बुडातून कापायची आणि रानातच आडवी टाकायची. चार-पाच दिवस उन्हात वाळू द्यायची. वाळलेल्या पानाला दिवसा हात लावायचा नाही, भुगा होतो. पहाटे दहिवर पडलं की पान मऊ येतं, तेव्हा गोळा करायची. म्हणजे दिवसा कोरडं ऊन हवं आणि पहाटे दव हवं, एवढंच मागणं. पण त्या चार-पाच दिवसांत पाऊस आला तर पानाच्या अंगचा चिकटपणा धुऊन जातो, पान काळं पडतं, आणि मग ते घ्यायला कुणी हात पुढं करत नाही. म्हणून त्या दिवसांत निपाणीत दोन माणसं भेटली की आधी आभाळाकडे बघायची आणि मग एकमेकांकडे.

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या हिवाळ्यात आमच्या मालकांनी रेडिओ आणला. तो बॅटरीवर चालायचा, आणि ती बॅटरी दोन हमालांना उचलावी लागायची. संध्याकाळी मुंबईहून मराठीत शेतकऱ्यांसाठी हवामान सांगायचे. मालक म्हणाले, हे ऐकून कुणीतरी वखारीच्या फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायला पाहिजे, म्हणजे चार गावची माणसं वाचायला येतील आणि आल्यासारखी तंबाखूही दाखवून जातील. कारकून मंडळी दिवेलागणीला घरी जायची. त्यांना घरं होती. म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

रेडिओवरचा माणूस फार सावकाश आणि फार शुद्ध बोलायचा. आधी कोकण, मग दख्खन, मग कर्नाटक. मी हात धुऊन, टोपी सारखी करून त्याच्यासमोर बसायचो. एकदा मालकांनी पाहिलं आणि विचारलं, "टोपी कशाला घातलीस? त्येला दिसतंय व्हय?" दिसत नसणार हे मलाही कळत होतं. पण एवढ्या लांबून तो सांगत होता.

पहिले आठ दिवस मी तिन्ही प्रांतांची हवा फळ्यावर लिहीत होतो, आणि कोकण सगळ्यांत वर. कोकणाची हवा निपाणीत कुणालाच नको होती.

"हे वरचं कुनासाठी लिवतोस?" एकानं विचारलं.

"माहिती असलेली बरी," मी म्हणालो.

"तुझी आय हितं येऊन वाचनार हाय का?"

दुसऱ्या दिवसापासून मी कोकण पुसलं. म्हणजे ऐकायचो, पण लिहीत नव्हतो.

मग खरं भांडण सुरू झालं. दख्खन आणि कर्नाटक, यांतलं आपलं कुठलं? एखाद्या दिवशी दोन्हीकडे कोरडी हवा असायची तेव्हा प्रश्न नसायचा. पण ज्या दिवशी वेगळं सांगत, त्या दिवशी फाटकासमोर गर्दी व्हायची. आमच्या इथल्या शाळेचे मास्तर एका संध्याकाळी भिंतीवरचा नकाशाच काढून घेऊन आले आणि फळ्याला टांगून छडीनं दाखवायला लागले.

"जिल्हा बेळगाव. इलाखा मुंबईचा असला तरी बेळगाव कर्नाटक भागात. म्हणून आपली हवा कर्नाटकाची. यात बोलायला जागाच नाही."

"मास्तर, तलाठी बेळगावचा असंल," मागनं एकजण म्हणाला, "पर पाऊस कोल्हापूरचा हाय. माझी सासुरवाडी कागलला हाय. तिथं शिंतोडा पडला की हितं पडतोय."

"तुमची सासुरवाडी आणि हवामान यांचा संबंध नाही."

"लई हाय. बायको सांगत आली हुती."

"अहो, पण नकाशात..."

"नकाशा मुंबैत काडला. त्यास्नी काय म्हाईत हितलं आबाळ?"

शेवटी मालक बाहेर आले. त्यांनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं, नकाशा जवळून बघितला, निपाणी कुठं आहे ते मास्तरांना विचारलं. मास्तरांनी छडीचं टोक ठेवलं. टोकाखाली निपाणी, अर्धं कागल आणि मधली हद्दीची रेघ, सगळंच झाकलं गेलं.

"आपला माल कुठं जातो?" मालकांनी विचारलं.

"कोल्हापूर, सांगली, पुणं," गर्दीतनं उत्तर आलं.

"मग आपली हवा दख्खनची," मालक म्हणाले. "ए, उद्यापासनं एकच लिवायचं. दोन लिवलं की लोक वाचत उभं ऱ्हात्यात आन् कामं बुडत्यात."

मास्तर नकाशा गुंडाळून निघून गेले. मला बरं वाटलं. एक ओळ लिहायची म्हणजे चूकही एकच होणार. त्यात दख्खनची हवा त्या महिन्यात सारखी कोरडी होती, त्यामुळे निर्णय सगळ्यांना पटला. कर्नाटक म्हणणारे पाच-सहाजणसुद्धा आठवड्याभरात दख्खनमध्ये आले.

संक्रांत झाली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रेडिओवरचा माणूस म्हणाला, कोकणात हवा कोरडी राहील, दख्खनमध्ये हवा कोरडी राहील. मग म्हणाला, कर्नाटकात येत्या दोन-तीन दिवसांत तुरळक ठिकाणी हलका पाऊस पडण्याचा संभव आहे. मी बाहेर जाऊन फळ्यावर लिहिलं, 'हवा कोरडी राहील.' सांगितलं होतं तसंच.

घरी आलो. आक्का भाकरी थापत होती. तोपर्यंत तिनं मला हवेबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. ती रोज पहाटे उठून दारात लटकवलेलं एक वाळकं पान मुठीत दाबायची, आवाज आला की कोरडं, नाही आला की दमट, आणि त्यावर तिचं चालायचं. त्या दिवशी मात्र तव्यावरची भाकरी उलटताना म्हणाली, "काय रं, तुझा रेडू काय म्हंतोय? उद्या बाया सांगू का कापनीला?"

मी पाटावर बसलो होतो. पुढ्यात तिनंच वाढलेलं ताट होतं. या घरात आल्यापासून मला पहिल्यांदा कुणी काहीतरी विचारत होतं, आणि माझ्याकडे उत्तर होतं.

"हो, कोरडं आहे म्हणतात आक्का," मी म्हणालो.

"मग सांगते."

बस, एवढंच बोलणं. कर्नाटकाचं मी बोललो नाही. का नाही बोललो त्याची मी नंतर बरीच कारणं काढली. आपली हवा दख्खनची असं ठरलं होतं. तुरळक म्हणजे कुठंतरी, कुठंतरी म्हणजे धारवाड असेल. दोन गोष्टी सांगितल्या असत्या तर ती म्हणाली असती, नक्की काय ते सांग, आणि मला ते येत नव्हतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण तिनं विचारल्यावर मला नुसतं 'हो' म्हणता आलं, त्याचा मला जो आनंद झाला, ते खरं कारण.

दुसऱ्या दिवशी सहा बायांनी मिळून तीस गुंठे तंबाखू कापून आडवी केली. ऊन कडक होतं. संध्याकाळी रेडिओ म्हणाला, दख्खन कोरडं, कर्नाटकात काही ठिकाणी पाऊस. 'तुरळक' जाऊन 'काही' आलं होतं. मी 'हवा कोरडी राहील' लिहिलं आणि खडू तीनदा मोडला. घरी आक्का म्हणाली, "आज ऊन बेस पडलं. तुझा रेडू शाना हाय." मला भाकरी गेली नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं, तर तिनं ओव्याचं पाणी करून दिलं. तेही प्यालो.

त्याच्या पुढच्या पहाटे मी उठलो तेव्हा हात गार पडले नव्हते. घागरीतलं पाणी साधं पाणी होतं. बाहेर आक्का बांधावर बसून गवतावरनं तळहात फिरवत होती.

"दहिवर न्हाय आज," ती म्हणाली. "वारं बी फिरलंय. खालनं, उगवतीकडनं यायलंय."

रान समोरच होतं. झाडं आडवी पडलेली, पानं निम्मी वाळलेली, कडा आत वळलेल्या. पूर्वेला आभाळ राखेच्या रंगाचं होतं. मी म्हणालो, "आक्का, मी तुम्हांला अर्धंच सांगितलं."

"काय अर्धं?"

मी सगळं सांगितलं. दख्खन, कर्नाटक, तुरळक, काही, मास्तरांचा नकाशा, मालकांचं म्हणणं. बोलता बोलता मी कोकणाचंही सांगितलं. ती ऐकत होती. तिचा हात गवतावरच होता.

"म्हंजे परवाच म्हाईत हुतं तुला."

"हो."

तिनं माझ्याकडे बघितलं. शिवी देईल असं वाटलं. शिवी दिली असती तर सोपं झालं असतं. ती उठली, लुगडं खोचलं आणि म्हणाली, "जा. बाया बोलवून आन. आन् शेजाऱ्याला म्हणावं गाडी जुंप."

मी धावलो. पण वाटेत वखार लागायची. फळ्यावर माझ्याच अक्षरात 'हवा कोरडी राहील' होतं, आणि दोन माणसं ते वाचत उभी होती. त्यांचीही तंबाखू रानात असणार. मी खिशातला खडू काढला आणि खाली लिहिलं, 'कर्नाटकात पाऊस.' अक्षर जरा वाकडं आलं. त्या दोघांनी ते वाचलं, एकमेकांकडे बघितलं आणि आपापल्या गावच्या वाटेला लागले. त्यांतला एक पळत होता.

तेवढ्यात मालक दातात काडी घालत बाहेर आले.

"हे कुनी लिवलं?"

"मी."

"आपली हवा कुटली?"

"दख्खनची, मालक."

"मग कर्नाटकाचा पाऊस आपल्या फळ्यावर कशाला?"

"येतोय म्हणून," मी म्हणालो.

मालकांनी वर बघितलं. आभाळ अजून पुरतं भरलेलं नव्हतं. "पूस ते," ते म्हणाले. "गावभर बोंब हुईल. माल कापून पडलाय लोकांचा." मी 'हो मालक' म्हणालो आणि तसाच पळालो. मागं वळून पाहिलं तेव्हा मालक स्वतःच्या उपरण्यानं फळा पुसत होते. आज नक्की काढून टाकणार, एवढं मनात आलं, पण थांबून काळजी करायला वेळ नव्हता.

चार बाया मिळाल्या, त्यांतल्या दोघी कन्नड बोलणाऱ्या. शेजाऱ्यानं गाडी जुंपली. निम्मी वाळलेली तंबाखू ढीग घालून ठेवली तर उबते आणि सडते, म्हणून झाडं उभी करून भिंतीला टेकवायची, असं आक्कांनी सांगितलं. आधी तिचं घर भरलं. मग माझा सोपा. माझी वळकटी, पेटी आणि मी, तिन्ही बाहेर. गाडीच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. आक्का सगळ्यांच्या पुढं वाकलेली. मी तिच्या ओळीत जाऊन उचलायला लागलो तर ती शेजारच्या ओळीत गेली.

दुपार कलायला लागली तेव्हा कन्नड बोलणाऱ्या बायांतली थोरली कंबर धरून सरळ झाली, पूर्वेकडे हनुवटी केली आणि शांतपणे म्हणाली, "मळी बरतैत्री." पाऊस येतोय. तिनं ते आम्हांला पाहुणे येतायत तसं सांगितलं. तोवर अर्धं रान मोकळं झालं होतं. पुढची गाडी भरत असतानाच पहिले थेंब पानांवर टपटपले. पाव तासच पडला. रेडिओच्या भाषेत हलका. पण जी पानं रानात होती ती सगळी भिजली. आक्का बांधावर उभी राहून बघत होती. डोक्यावर काही घेतलं नव्हतं. मी पोतं नेऊन दिलं. तिनं ते स्वतःच्या डोक्यावर न घेता गाडीतल्या पानांवर टाकलं.

संध्याकाळी मी वखारीत गेलो. कुणी काढून टाकलं नाही, कारण कुणाला सवड नव्हती. रेडिओवरचा माणूस म्हणाला, गेल्या चोवीस तासांत कर्नाटकात पाऊस पडला, दख्खनमध्ये हवा कोरडी होती. दोन्ही खरं असणार. मी टोपी काढली, फळ्यावर काहीच लिहिलं नाही, आणि मालकांनीही विचारलं नाही.

सोप्यात तंबाखू असल्यानं दोन दिवस मी दारात, अर्धा आत अर्धा बाहेर, झोपलो. त्या वासानं डोकं गरगरायचं. तिसऱ्या दिवशी ऊन परतलं आणि आक्कांनी घरातली झाडं पुन्हा रानात पसरली. ती नीट वाळली, पिवळीधमक निघाली. भिजलेली काळी पडली.

आठेक दिवसांनी मालक माल बघायला आले. आक्कांनी दोन ढीग वेगळे ठेवले होते. मालकांनी एका ढिगातलं पान घेतलं, वास घेतला, बोटांत चुरलं आणि मान हलवली. मग दुसऱ्यातलं घेतलं आणि लगेच टाकलं.

"एकाच रानातलं हाय का हे?"

"व्हय की," आक्का म्हणाली. "ह्यो पिवळा ढीग कर्नाटकाचा, त्ये ऐकून उचललेला. ह्यो काळा दख्खनचा. तुमचा हाय, घ्या."

मालक तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघितलं. त्यांनी पिवळा घेतला. काळा घेतला नाही. जाताना मला एवढंच म्हणाले, "फळ्यावर दोनी लिवत जा. लहान अक्षरात." तेव्हा मला कळलं की मला काढलेलं नाही.

पण आक्कांचं अर्धं वर्ष त्या काळ्या ढिगात होतं, आणि ते माझ्या एका 'हो'मुळं. ती मला वाईट बोलली नव्हती, तरी ताट वाढायची ते मुकाट्यानं. त्या संध्याकाळी मी सोपा झाडला, एकदाच, आणि वळकटी बांधून पेटीवर ठेवली. ती दारात आली.

"कुटं?"

"धर्मशाळेत."

"इंगळी चावंल," ती म्हणाली. मग म्हणाली, "उद्यापासनं मी बी येनार हाय तुमच्या वखारीत, पाला निवडायला. मालकाला इचारलंय. पुढली तंबाखू येस्तोवर कायतरी पायजे. वाटंला दोघं असलेलं बरं."

मी म्हणालो, "आक्का, मी तुम्हांला..."

"सांगितलास की. दोनदा कशाला सांगतोस? समदी कामं दोनदा करनारा." ती वळली आणि परत थांबली. "शेजाऱ्याचं रान कापायचं हाय अजून. गाडी जुंपली हुती त्यानं आपल्यासाठनं. आज काय म्हंतोय तुझा रेडू, जा, त्याला सांगून ये. निवडून सांगू नगंस. समदं सांग."

मी गेलो. शेजारी बैलांना वैरण टाकत होता. मी त्याला तिन्ही प्रांत सांगितले, कोरडं कुठं, ढगाळ कुठं, 'तुरळक' म्हणजे किती आणि 'काही' म्हणजे किती, त्याआधी दोन दिवस काय सांगितलं होतं आणि काय झालं. बराच वेळ लागला. त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली होती.

"आरं पर म्हंजे उद्या कापू का नगो?"

"ते मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

त्यानं आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा आभाळाकडे. मग बैलांपुढं पेंढी टाकली आणि आत हाक मारली, "अगं ए, बायास्नी उद्या नगो म्हणून सांग. परवा बगू."